अंगणातला डोंगा

तो डोंगा मी मोडण्यासाठीच घेतला होता. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते त्या दिवशी मी बोललेल्या एका खोट्यातून निघालं.

शाळेतून निवृत्त होऊन मला दीड वर्ष झालं होतं. अकोल्याच्या घरात मी आणि माय, दोघीच. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये सुतार होते. ते गेले तेव्हा त्यांची हत्यारांची पेटी कोणी नेली नाही, ती माझ्याच खाटेखाली राहिली. निवृत्तीनंतर एक दिवस ती बाहेर काढली. लहानपणी त्यांच्याजवळ बसून रंधा धरायला शिकले होते आणि हात ते विसरले नव्हते. आधी एक पाट केला, मग मायसाठी चौरंग, मग पुस्तकांसाठी मोठी मांडणी करायचं मनात घेतलं. त्याला जुनं, मुरलेलं सागवान हवं होतं. पातूरकडे नोकरी केलेल्या एका शिक्षकांनी सांगितलं की तिकडं धरणाच्या काठी, भोयांच्या वस्तीत, एका बाईकडे मासेमारीची सागाची छोटी नाव, डोंगा, वर्षानुवर्षं पालथा पडलाय. फळ्या चांगल्या निघतील.

मी गेले तेव्हा दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. घरामागं दोन दगडांवर तो पालथा घातला होता. चौदा फूट लांब, सपाट बुडाचा. भोवती वाळलेलं तरोट्याचं तण माजलं होतं. बुडावर डांबराचे थर, मध्ये मध्ये तेलाच्या डब्याचे पत्रे ठोकलेले. मी बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. मागच्या बाजूच्या दोन फळ्या भुसभुशीत होत्या, बाकी आवाज खणखणीत होता.

ती बाई माझ्यामागं उभी होती. माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान असेल. कपाळ मोकळं. होळीच्या सुमारास ती चांदूर रेल्वेला लेकीकडे कायमची राहायला जाणार होती आणि घर बंद होणार होतं, म्हणून डोंगा द्यायचा. व्यवहाराबद्दल ती फारसं बोललीच नाही. फक्त टेम्पोत चढवताना जवळ आली आणि विचारलं, "मोडसान काय याले?"

"नाही," मी म्हणाले. "नीट करणार आहे."

का म्हणाले कोण जाणे. तिनं डोंग्याला हात लावला नव्हता, रडली नव्हती, काही नाही. पण तिनं ज्या तऱ्हेनं "याले" म्हटलं, त्यावर हो म्हणवेना.

टेम्पोवाला त्याच गावचा होता. पातूर सोडल्यावर त्यानं विचारलं, हा डोंगा कोणाचा ते ठाऊक आहे का. मला ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलं. त्या बाईचा नवरा अकरा वर्षांपूर्वी पहाटे जाळं काढायला म्हणून गेला तो आलाच नाही. सूर्य उगवून वर आला तेव्हा डोंगा एकटाच धरणाच्या पाण्यावर तरंगताना लोकांना दिसला. आत ओलं जाळं होतं, माणूस नव्हता. तीन दिवस शोधलं. धाकटा भाऊ स्वतः बुड्या मारत होता, इतका खोल गेला की त्याचा उजवा कान फुटला आणि कायमचा बहिरा झाला. प्रेत सापडलं नाही. त्यानंतर त्या बाईनं डोंगा पाण्यात घालू दिला नाही, कोणाला दिलाही नाही. टेम्पोवाला म्हणाला, त्यानं तो आपल्या टेम्पोत चढवू दिला तो केवळ मी मास्तरीण म्हणून.

घरी आल्यावर कडूनिंबाखाली डोंगा पालथा उतरवला. माय काठी टेकत दारात आली, बराच वेळ पाहत राहिली.

"मानूस झाकून ठेवल्यावानी दिसते," ती म्हणाली, आणि आत गेली.

मी दुसऱ्याच दिवशी फळ्या मोडायला सुरुवात केली असती. शब्द दिला होता खरा, पण बघायला कोण येणार होतं? जंबूर घेऊन पहिला खिळा उपटायला बसले तेवढ्यात फोन वाजला. टेम्पोवाल्याकडून नंबर घेऊन तिनंच केला होता.

"बाई, तो कसा आहे?"

मला क्षणभर कळलंच नाही. माझ्या घरात अनेक वर्षं "तो" म्हणजे एकच माणूस होता, आणि त्याच्याबद्दल कोणी विचारत नव्हतं. मग उमगलं की ती डोंग्याबद्दल विचारतेय. मी म्हणाले, बरा आहे, नीट पोहोचला. ती म्हणाली, त्याले एकदम उनात नका ठेवू, तडकन. आणि फोन ठेवला.

मी जंबूर खाली ठेवलं. त्या दिवशी डोंगा मोडण्याचं राहिलं ते राहिलंच.

आता थोडं माझ्या घरच्या त्या "तो"बद्दल. मला एक धाकटा भाऊ होता. होता म्हणू की आहे म्हणू, हेच तर कधी ठरलं नाही. तेवीस वर्षांचा असताना एके दिवशी सकाळी जेवून, ताट धुऊन ठेवून, बाहेर गेला आणि परत आला नाही. भांडण नव्हतं, परीक्षेत नापास नव्हता, कोणा मुलीचं प्रकरण आमच्या कानावर नव्हतं. बाबांनी पोलिसांत लिहून दिलं, नातेवाईकांकडे फिरले, नागपूरला दीक्षाभूमीवर दसऱ्याच्या गर्दीत चार वर्षं जाऊन उभे राहिले, कारण तिथं कधीतरी सगळे येतात. पाचव्या वर्षी गेले नाहीत. पुढं कोणी बोलायचं झालं तरी नाव घेत नसे. "तो असता तर" एवढंच. मी लग्न केलं नाही. त्याचं कारण फक्त तेच होतं असं नाही, पण तेही होतं.

मी डोंग्याचं काम सुरू केलं. सकाळी मायला चहा दिला की नऊ-साडेनऊपर्यंत आणि पुन्हा चारनंतर. खुरपं चुलीत तापवून डांबर खरवडायचं. एक थर निघाला की खाली दुसरा, मग तिसरा. पत्रे उचकटले तेव्हा त्यांच्याखाली वाळलेल्या शेवाळाचे हिरवट पापुद्रे होते, आणि अकरा वर्षांनंतरही माशाचा वास होता. पाण्याचा नव्हे, माशाचाच. तो माझ्या हातांना बसला. भाकर थापताना यायचा. मायनं एकदा विचारलं, आज मासोळी आणली का. मी नाही म्हणाले तेव्हा तिनं माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

मग तो आवाज सुरू झाला. दुपारी ऊन कलतीला लागलं की डोंग्यातून टक् व्हायचं. थोड्या वेळानं पुन्हा टक्. पालथ्या डोंग्याखालून कोणीतरी बोटाच्या पेरानं ठोकावं तसं. सुताराची मुलगी मी. लाकूड वाळताना आवाज करतं हे मला कोणी सांगायला नको. तरी पहिल्या दिवशी मी उठून गेले, वाकून डोंग्याखाली पाहिलं. दुसऱ्या दिवशीही पाहिलं. तिसऱ्या दिवशी पाहायचं नाही असं ठरवून आत बसले, तर मायच म्हणाली, "जाऊन पाय ना वो एकडाव." शेजारच्या बाईनं येऊन विचारलं की हे बुडालेल्या माणसाचं लाकूड घरासमोर का ठेवलंय. ही गोष्ट तिच्यापर्यंत कशी पोहोचली ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

दर आठ दिवसांनी फोन यायचा. प्रश्न तोच, "तो कसा आहे?" आणि मी उत्तर द्यायला शिकले. आज त्याच्या पाठीवरचं सगळं डांबर निघालं. आज त्याच्या पाठीवरचं सगळं डांबर निघालं. त्याच्या दोन फळ्या गेल्यात, नव्या घालतेय, जुन्या दाराचं सागवान मिळालं. ती ऐकून घ्यायची आणि "बरं" म्हणायची. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात यायचं की मी दहा मिनिटं एका "त्या"च्या तब्येतीबद्दल बोलत होते, आणि आतल्या खोलीत माय ते ऐकत होती.

फळ्या बसल्यावर सांधे बुजवायचे होते. जिनिंगमधून ओळखीनं रुई आणली, तिच्या लांब वाती वळल्या, जवसाच्या तेलात भिजवल्या आणि बोथट पटाशीनं एकेक सांध्यात ठोकून बसवल्या. वरून राळ आणि डांबर. हे काम मला आवडत होतं. मन कुठं जायचं नाही. आतली बाजू घासताना मात्र एका जागी थांबले. डाव्या काठावर, मागच्या बाजूला, हाताच्या पंजाएवढी जागा जात्याच्या खुंट्यासारखी गुळगुळीत झाली होती. तो तिथं धरून बसत असणार. मी माझा हात ठेवून पाहिला. माझ्या हातापेक्षा जागा मोठी होती. मग पुढच्या बाजूला तशाच दोन जागा सापडल्या, समोरासमोर, लहान. एका बाईचे दोन हात तिथं वर्षानुवर्षं टेकलेले होते.

पुढच्या फोनवर मी सहज विचारलं, "तुम्ही पण त्याच्यासोबत बसत होता ना? समोर?"

पलीकडून फोन बंद झाला. त्या आठवड्यात पुन्हा आला नाही. मला वाटलं, मी विचारायला नको होतं.

पुढच्या बुधवारी दुपारी फाटकाशी ऑटो थांबला आणि ती उतरली. पातूरहून एसटीनं आली होती. हातात पिशवी, पिशवीत उकडलेले शिंगाडे. माय विहारात गेली होती, तिथं बायकांचं काही होतं. मी कडूनिंबाखाली चटई टाकली. ती आधी डोंग्याभोवती एक फेरी मारून आली. नव्या फळ्यांवरून बोट फिरवलं, काठावरच्या त्या मोठ्या गुळगुळीत जागेजवळ आली, आणि तिथून हात काढून घेतला. मग बसली. पाणी प्यायली. मी शिंगाडे सोलत होते.

"जाळं कोरडं व्हतं, बाई," ती म्हणाली.

तिनं पुढं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ती मध्ये मध्ये थांबत होती आणि मला सगळे शब्द आठवत नाहीत.

त्या पहाटे नवरा जाळं काढायला जातो म्हणून उठला. उजाडल्यावर ती नेहमीसारखी भाकर घेऊन काठावर गेली. डोंगा खुंट्याला बांधलेला होता. जाळं आत होतं, आदल्या दिवशी वाळत घातलं होतं तसंच, कोरडं. ती परत घरी आली. खुंटीवर त्याचा चांगला शर्ट नव्हता. कोनाड्यातले त्याचे कागद नव्हते. पहाटेची पहिली एसटी तोवर निघून गेली होती. ती घरात किती वेळ उभी राहिली ते तिला माहीत नाही. मग पुन्हा काठावर गेली. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिनं जाळं पाण्यात बुडवलं, बाहेर काढलं, घडी घातली, डोंग्यात ठेवलं, दोर सोडला आणि पायानं डोंगा पाण्यात लोटला. लोक सांगायला धावत आले तेव्हा ती चुलीपुढं भाकरी करत होती.

"बुडालेल्याच्या बायकोले गाव सांभाळून घेते," ती म्हणाली. "टाकून देल्लेलीले विचारते, तुह्यात काय खोट व्हती."

मी विचारलं, खोट काय होती?

"मले कोठी मालूम? आदल्या राती मासोळी चांगली झाली म्हने. इतकंच बोलला."

मग तिनं दिराबद्दल सांगितलं. तीन दिवस तो पाण्यात होता. प्रत्येक बुडीला ती काठावर उभी राहून पाहत होती आणि तिला ठाऊक होतं की खाली कोणी नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या कानातून रक्त आलं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तो अजून दर आठवड्याला तिच्या दारात मासे ठेवून जातो. वहिनी म्हणतो. तिला ते मासे खाववत नाहीत आणि टाकताही येत नाहीत. डोंगा मात्र तिनं कोणाच्या हाती लागू दिला नाही. काय झालं हे माहीत असलेला तो एकटाच होता, असं तिला वाटायचं. लहान पोरासारखं वाटायचं की कोणी त्यात बसलं तर तो सांगून टाकेल. आणि मोडायचीही भीती वाटायची. मोडला तर त्या पहाटेचं दुसरं कोणीच उरणार नाही.

मी शिंगाडे सोलायचे थांबले होते. आणि मग मीही सांगितलं. जे मी बाबांना सांगितलं नाही, मायला नाही, शाळेतल्या एकाही मैत्रिणीला नाही.

भाऊ गेल्यानंतर दोन वर्षांनी मी अमरावतीला एका प्रशिक्षणाला गेले होते. परतताना बडनेऱ्याला गाडीत बसले. खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा पलीकडच्या फलाटावर तो दिसला. खांबाला टेकून उभा होता. थोडा काळवंडला होता, केस वाढले होते. मी उठून उभी राहिले. त्यानं मला पाहिलं. ओळखलं. नजरेला नजर भिडली, आणि मग त्यानं हळूच मान वळवली आणि दुसरीकडं पाहत उभा राहिला, माझी गाडी जाईपर्यंत. मी पुढच्या स्टेशनला उतरून परत जाऊ शकले असते. मूर्तिजापूरला गाडी थांबली होती. मी उतरले नाही. घरी येऊन कपडे बदलले, भाजी चिरली. बाबा त्या वर्षी दसऱ्याला नागपूरला निघाले तेव्हा मी त्यांना डबा बांधून दिला. कारण तो जिवंत आहे हे सांगायचं तर त्यानं तोंड फिरवलं हेही सांगावं लागलं असतं. बाबा शोधत शोधत गेले. कधी कधी मला वाटतं तो दुसराच कोणी होता. मग ती वळलेली मान आठवते.

ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मंग तुमीबी जाळं ओलं केलं, बाई."

तिच्या आवाजात दोष नव्हता. मी पुन्हा शिंगाडे सोलायला घेतले. माय विहारातून आली, तिनं पाहुणीला चहासाठी थांबवलं, आणि विचारलं की गाव कोणतं, लेकीला मुलं किती. जाताना ती फाटकाशी मला म्हणाली की चांदूरला जाण्याआधी तिला एकदा डोंगा पाण्यावर पाहायचा आहे. आणि नंतर दिराकडे राहू द्या, जमत असेल तर. त्याचा स्वतःचा डोंगा फुटलाय. मी हो म्हणाले. या वेळी खोटं बोलले नाही. माझी मांडणी तशीही प्लायवूडची होऊ शकत होती.

उरलेलं काम पाण्याचं होतं. डोंगा पाण्यात घालण्याच्या आठ दिवस आधी फळ्या भिजवून फुगवाव्या लागतात, म्हणजे सांधे घट्ट बसतात. अकोल्यात नळ पाच दिवसांनी येतो आणि मी डोंगा पाण्यानं भरणार म्हटल्यावर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. शेवटी जिनिंगमधलं जुनं बारदान आणलं, धुण्याचं आणि भांड्यांचं पाणी साठवून त्यावर शिंपडत राहिले आणि डोंगा त्या ओल्या बारदानात गुंडाळून ठेवला. दुपारचा टक् टक् आवाज थांबला. मला हायसं वाटेल असं वाटलं होतं. पण चार वाजले की मी हातातलं काम ठेवून कान देऊन बसायची. माय पण बसायची.

होळीच्या आठ दिवस आधी तोच टेम्पो बोलावला. काठावर दीर उभा होता. पन्नाशीचा, किडकिडीत, बोलताना डावा कान पुढं करणारा. त्यानं डोंग्याभोवती फिरून प्रत्येक सांधा दाबून पाहिला आणि मला म्हणाला की मॅडम, वाती कोणाकडून शिकल्या? मी म्हणाले, बाबांकडून, दारं करायचे. तो म्हणाला, दाराले वाती नसतात. खरंच होतं. मी स्वतःच्याच डोक्यानं केलं होतं ते.

डोंगा पाण्यात गेला. थोडं पाणी मागच्या फळीतून झिरपलं, मग थांबलं. दीर मागं वल्हं घेऊन बसला, मी मध्ये, ती समोर. तिचे हात आपोआप त्या दोन लहान जागांवर गेले. मी ते पाहिलं आणि तिनंही मी पाहिलेलं पाहिलं. धरणाच्या मधोमध आल्यावर दिरानं वल्हं आडवं ठेवलं. खिशातून झेंडूची फुलं काढली. दरवर्षी तो इथं येऊन फुलं टाकतो हे तिला माहीत होतं, पण ती स्वतः कधी आली नव्हती. त्यानं फुलं टाकली, हात जोडले. तिला पण एक फूल दिलं. तिनं ते टाकलं. फुलं लगेच पांगली नाहीत. वारा नव्हता. डोंग्याला लागून तशीच राहिली, आणि आम्हालाच तिथून निघावं लागलं.

परतताना ती उठली, तोल सावरत माझ्या बाजूनं मागं गेली आणि दिराच्या उजव्या हाताला, त्याच्या बहिऱ्या कानाच्या बाजूला बसली. आणि हळू आवाजात त्याला सगळं सांगितलं. कोरडं जाळं, शर्ट, दोर, पायानं लोटलेला डोंगा. मी हातभर अंतरावर होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला. "माह्यापायी तुमचा कान गेला, भाऊजी," ती शेवटी म्हणाली. तो समोर काठाकडे पाहत वल्हं मारत राहिला. एकदाही लय चुकली नाही. ती परत पुढं येऊन बसली. तिचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

काठावर उतरल्यावर ती घराकडे गेली, आम्हाला चहा करते म्हणून. दीर डोंगा ओढून खुंट्याला बांधत होता. मी उभी होते. तोच म्हणाला, "वयनी काय बोलली ते मले ऐकू आलं नाई. पन काय बोलली असन ते मालूम आहे."

मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी पोहत जाऊन डोंगा काठाला आणणारा तोच होता. जाळं आत घडी घालून ठेवलेलं होतं. "माह्या भावानं उभ्या जिंदगीत जाळं घडी नाई केलं. गोळा करून फेके. ते घडी वयनीची व्हती. मले तठीच समजलं."

मी विचारलं, मग तीन दिवस तुम्ही पाण्यात कशाला उतरलात?

त्यानं गाठ आवळली. "सारं गाव काठावर उभं व्हतं, मॅडम. सख्खा भाऊ उतरला नसता त लोकायले शक आला असता. तिनं त जाळं ओलं केलंच व्हतं. आता ते खरं करायले कोनी त पायजे."

थोड्या वेळानं त्यानं डावा कान माझ्याकडं केला, जणू मी काही बोलणार होते, आणि म्हणाला, "तिले नका सांगू. आज हलकी झाली, तशीच जाऊ द्या."

मी सांगितलं नाही. चहा पिऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन परत आले. पुढच्या आठवड्यात ती चांदूर रेल्वेला गेली. एकदा तिचा फोन आला, लेकीचं घर मोठं आहे म्हणाली, पाणी मात्र कुठं दिसत नाही. डोंग्याबद्दल विचारलं नाही. दीर त्यावर मासे धरतो असं टेम्पोवाल्यानं सांगितलं. नवऱ्याचा पत्ता कोणालाच नाही. तो कुठं असेल तर आता म्हातारा झाला असेल, आणि त्याच्यासाठी दरवर्षी पाण्यात फुलं पडतात हे त्याला ठाऊकही नसेल.

धरणावरून आल्यावर तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी माय ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि बडनेऱ्याचं सगळं सांगितलं. खिडकी, खांब, वळलेली मान, सगळं. मूर्तिजापूरला मी उतरले नाही तेही. ती रडेल, किंवा मला बोलेल, असं धरून चालले होते. बाबांना का नाही सांगितलं असं तर नक्कीच विचारेल. तिनं हातातला चिंचोका बाजूला ठेवला.

"तुले वळखलं ना त्यानं?"

"ओळखलं."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि पुढची चिंच घेतली.

मला वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिनं विचारलं, फलाट कोणता होता. मी सांगितला. दोन दिवसांनी विचारलं, पायात काय होतं त्याच्या. मला आठवत नव्हतं. मी म्हणाले, चपला. मग हातात पिशवी होती का. होती म्हणाले. कोणत्या रंगाची? हिरवी. आता रोज एक प्रश्न असतो. तो एकटाच होता का, दाढी होती का, बाजूला कोणी बाई उभी होती का. माय उत्तर ऐकते, मान हलवते आणि ते कुठंतरी आत नीट ठेवून देते, कारण पुन्हा तोच प्रश्न ती कधी विचारत नाही. मी उत्तरं देत राहते. काल मी डोळे मिटून तो फलाट आठवून पाहिला. खांबाला टेकून तो उभा होता, हातात हिरवी पिशवी होती, आणि ती मी खरोखर पाहिली होती की नाही हे मला सांगता येईना.